चढावरचा आवाज

शारजाच्या औद्योगिक भागात, एका टायरवाल्याच्या आणि एका काचवाल्याच्या मधे खैरुद्दीन पारकरचं वर्कशॉप होतं. वाळवंटात पर्यटकांना फिरवणाऱ्या कंपन्यांच्या बग्ग्या तो दुरुस्त करायचा. या गाड्यांना हातानं टाकायचे गिअर नसतात. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेतो तो दोन पुल्यांमधला रबरी बेल्ट, आणि तो वाजायला लागला की गिऱ्हाईक घाबरतं. खैरुद्दीन घाबरत नसे. बेल्टवर तेल उडालं असेल तर तो चिरचिरतो, पुल्या एका रेषेत नसतील तर कुईकुई करतो, आणि ताकदीबाहेर ओझं पडलं तर किंचाळतो. श्रीवर्धनहून आल्यापासून हेच आवाज ऐकत त्याचे केस पांढरे झाले होते.

ॲडेलिन तुस्कानोचा फोन आला तेव्हा त्याला नवल वाटलं ते फक्त गाडीचं. ॲडेलिन वसईची. दुबईच्या एका मॉलमध्ये बंदिस्त बर्फाचं मैदान होतं, तिथं ती सुपरवायझर होती. उतारावर सामान आणि माणसं न्यायला त्यांच्याकडे स्नोमोबाइल होती. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबरी साखळी, वर दोघांना पुरेल अशी सीट. बर्फात पळणारी मोटरसायकलच म्हणा. तिचा बेल्ट वाजत होता. बर्फावरच्या गाडीचा मिस्त्री या मुलखात कुठून मिळणार? बग्गीचा आणि तिचा बेल्ट एकाच जातीचा असं ॲडेलिनला कुणीतरी सांगितलं होतं.

पिकअपमधून गाडी वर्कशॉपला आली तेव्हा बाहेर जूनचं ऊन पत्रे तापवत होतं. खैरुद्दीननं झाकण काढलं. बेल्टच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, एका ठिकाणी जळल्याचा वास होता. त्यानं पुल्या घासून साफ केल्या, रेषेत आणल्या, नवा बेल्ट चढवला. गाडी जॅकवर घेऊन साखळी फिरवली. शिवणयंत्रासारखा मऊ आवाज आला. खलास, काम झालं, म्हणून त्यानं गाडी परत धाडली.

दुसऱ्याच दिवशी ॲडेलिनचा फोन. आवाज तसाच होता.

तो सकाळी, मैदान उघडण्याआधी गेला. मॉलमध्ये अजून फरशी पुसत होते. काचेच्या दोन दारांपलीकडे एकदम बोचरी थंडी, पिवळट दिवे आणि वर अंधुक होत गेलेला लांब उतार. ॲडेलिननं त्याला भाड्याचा कोट दिला. गाडी चालवणारा तिचा धाकटा भाऊ जेसन होता. पस्तिशीचा, आधी हॉटेलात कामाला असलेला, बायको आणि मुलीला घेऊन इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहणारा. तो हसून पुढे झाला, पण हात मिळवताना वाकला तो म्हाताऱ्यासारखा.

जेसन एकटाच गाडी घेऊन वर निघाला. पायथ्याच्या लाकडी फाटकापाशी क्षणभर थांबला, मग चढू लागला, आणि बेल्ट किंचाळला. खैरुद्दीननं डोळे मिटून ऐकलं. तेल नव्हतं, रेष चुकली नव्हती. ओझ्याचा आवाज होता तो. उतरताना मात्र गाडी मुकाट आली.

त्यानं पुन्हा एकदा जायला सांगितलं, आणि या वेळी कानांऐवजी डोळे लावले. चढताना गाडीचं मागचं अंग बसलेलं होतं. स्प्रिंगा दबलेल्या. उतरताना त्या मोकळ्या होत्या.

ॲडेलिन फोनवर बोलायला बाहेर गेली, तेव्हा खैरुद्दीननं जेसनला हळूच विचारलं, मागे काही बांधतोस का?

जेसननं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "फाटकापाशी बसतं, खैरुभाई. वर गेलं की उतरतं."

"काय बसतं?"

जेसननं कोटाची चेन उघडून शर्ट वर केला. कमरेच्या दोन्ही बाजूंना कातडी निळसर काळी पडली होती, थंडीनं भाजल्यावर पडते तशी. मागे बसलेला माणूस पुढच्याला जिथं धरतो, बरोब्बर तिथं. डॉक्टर म्हणाला होता की कोट नीट घालत जा. बायकोला त्यानं अजून दाखवलं नव्हतं. नोकरी बहिणीच्या शब्दावर लागली होती. सोडून जायचं कुठं?

खैरुद्दीन पाच वेळचा नमाजी, पण भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना तो वर्कशॉपातून उठवून लावायचा. आपल्याला स्वतः चालवून पाहायला हवं, एवढंच त्याला समजलं. यल्ला, चला, म्हणून तो सीटवर बसला.

फाटकापाशी त्यानं जेसनसारखीच गाडी थांबवली. इंजिन घुरघुरत होतं. वर छताला कुठंतरी पंखे फिरत होते. मागे वळून पाहिलं तर ताजा, नांगरल्यासारखा रेघारेघांचा बर्फ, आणि त्याच्याच गाडीचा माग.

गाडी मागून खचली.

धक्का नव्हता. समजूतदार माणूस तोल सांभाळत बसतो तशी ती सावकाश खचली, आणि त्याच्या दोन्ही कुशींना कोटाच्या जाड कापसातून गारवा लागला.

त्यानं अंगठ्यानं ॲक्सिलरेटर दाबला. बेल्ट किंचाळला. मान वळवायची नाही, एवढंच त्यानं ठरवलं. ओठांवर कलमा होता, त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

चढ संपला. त्यानं ब्रेक दाबला.

स्प्रिंगा एकदा कुरकुरल्या, आणि गाडी हलकी झाली.

वर सपाट जागा होती, मागे भिंत. गिऱ्हाइकांना तिथं यायची परवानगी नव्हती. जेसन म्हणाला होता, वरचा बर्फ कुणी तुडवत नाही. पण भिंतीलगतचा बर्फ फरशीसारखा टणक झाला होता. पाऊल एकही नव्हतं. भिंतीवर हिमाचा बोटभर थर होता, फक्त खांद्यांच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तो घासून गेला होता. दवाखान्याच्या बाकामागची भिंत माणसं टेकून टेकून झिजते, तशी.

खैरुद्दीन गाडी तिथंच सोडून चालत खाली आला.

ॲडेलिननं विचारलं, रिपोर्टमध्ये फॉल्ट काय लिहू? तो म्हणाला, "गाडीत फॉल्ट नाही. गाडी बंद करा, मॅडम. आणि भावाला दुसरं काम द्या." ती थोडी चिडली. शाळांना सुट्ट्या लागत होत्या, मैदान भरून वाहणार होतं, गाडी बंद ठेवून कसं चालेल? मग जेसनच्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं. त्याला तिकिटांच्या खिडकीत बसवते, असं तिनं कबूल केलं. गाडी दुसरा कुणीतरी चालवील.

त्या रात्री खैरुद्दीनची झोप उडाली. बायको मरियमबीनं विचारलं तर म्हणाला, थंडी बाधली. आपण आणखी अडून बसायला हवं होतं, असं त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण बग्ग्या येत होत्या, बेल्ट तुटत होते, काम होतं.

सुट्ट्या अर्ध्यावर आल्या तेव्हा ॲडेलिनचा फोन आला. आवाज खुशीतला होता. बेल्ट आपोआप गप्प झाला होता. नवा ड्रायव्हर म्हणतो, गाडी चढताना एकदम स्मूथ जाते. जेसनची कंबरही सुधारत होती. खैरुद्दीननं अल्लाचे आभार मानले, मग सवयीनं विचारलं, अजिबात वाजत नाही?

"उतरताना थोडा वाजतो," ती म्हणाली. "उतारावर लोड कसला येणार? सेटिंग असेल. सवडीनं बघा."

खैरुद्दीनच्या हातातला पाना तसाच राहिला. फोनमधून पोरांचा गलका येत होता, आणि त्याच्यामागे, लांबून जवळ येत जाणारी ती किंचाळी. फाटकाशी आल्यासारखी ती थांबली.

"आणि हो, खैरुभाई," ॲडेलिन म्हणाली, "गेटवरचे माणसं मोजायचे काउंटर रिपेअर करणारा कुणी आहे का तुमच्या ओळखीत? आमचा बिघडलाय. रोज आत येणाऱ्यांपेक्षा बाहेर जाणारे जास्त दाखवतो."