ओंदिएकच्या टेबलावरची टकटक

हे खरं आहे. हसायचं तर हसा, पण मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि रात्र नव्हती. नैरोबीतलं न्गाँग रोडवरचं आमचं ऑफिस, जुलैतला मंगळवार, सकाळचे अकरा.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. म्हणजे, पूर्वी. नंतर लिहायचं एआय, आणि आम्ही तपासून फक्त 'मंजूर' दाबायचं.

म्झे ओंदिएक आमच्यात सगळ्यात जुने. म्झे म्हणजे वडीलधारे. चूक दिसली की ते बोलायचे नाहीत. बोटाच्या पेरांनी टेबलावर दोनदा वाजवायचे.

टक... टक.

म्हणजे थांब, पुन्हा वाच.

जूनमध्ये त्यांना काढलं. फार हळू तपासतात म्हणून.

त्या मंगळवारी माझ्यापुढे एआयने केलेले चाळीस बदल होते. मी न वाचताच मंजूर करत सुटलो होतो. खरं सांगतो, घाबरलो होतो. हळू दिसलो तर पुढचा नंबर माझाच.

एकतिसाव्या बदलावर बटणाकडे बोट गेलं...

टक... टक.

शेजारच्या नफुलाने मान वर केली. "किओको, आता म्झेंची नक्कल करतोस होय रे?"

"माझे दोन्ही हात इथे आहेत, बाई!"

मागे म्झेंचं टेबल. रिकामं. खुर्चीसुद्धा नेलेली.

मी तो बदल वाचला... आणि अंगावर काटा आला. लहान मुलांच्या औषधाचा डोस दहापट झाला होता.

म्झे गेले की काय? त्यांच्या गावी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला.

"गेले? काहीतरीच काय बोलतोस! हे काय, अंगणात शेळ्यांवर ओरडतायत."

जीव भांड्यात पडला... आणि लगेच पुन्हा उडाला. मग टेबलाशी कोण होतं?

तेव्हापासून मी ओळ न् ओळ वाचू लागलो. टकटक थांबली. सप्टेंबरात मलाही काढलं. कारण तेच.

काल सकाळी नफुलाचा फोन आला.

"किओको... घाईत मी न वाचताच दाबणार होते. तेवढ्यात टकटक झाली."

"म्झेंच्या टेबलावर ना?"

"नाही रे... तुझ्या."

मी घरी चहा पीत होतो. धडधाकट, जिवंत.

"मग वाचलंस ना?" एवढंच मी विचारलं.

"वाचलं. चूक होती."

पुढच्या महिन्यात नफुलालाही काढतायत; तपासणारी ती शेवटचीच. रात्री मला झोप लागत नाही. त्या रिकाम्या खोलीत टकटक होईल... आणि ऐकायला कोण असेल?