वासितीचा पत्ता कोणी दिला?

"मला कुठेही ठेवा, तो येणारच," इस्पितळातून निघताना वासिती म्हणाली. सेराइमाला तिला खोटा धीर देववेना.

सेराइमा पोलिसातून निवृत्त होऊन खाजगी तपास करायची. जोडीला हवालदार आपिसाई होता, मनाने लोणी आणि डोक्याने जरा सावकाश. नवऱ्याने, इलाइसाने, हात मोडला तेव्हा वासिती फिजीतल्या सुवा शहराबाहेरच्या वस्तीत मावशीकडे लपली. कोर्टाने त्याला मनाईहुकूम दिला. दुसऱ्याच दिवशी तो मावशीच्या दारात उभा राहिला आणि उरलेला हातही त्याने मोडला. आता तो जामिनावर सुटला होता. सकाळीच वासितीला नव्या घरी पोचवून, संध्याकाळी औषधं आणतो असा शब्द आपिसाईने तिला दिला होता. नवा पत्ताही फुटायच्या आत, जुना पत्ता फोडणारा सापडायला हवा होता.

"हुकूम मी स्वतः त्याच्या हातात दिला, सही घेतली," आपिसाई वाटेत म्हणाला. "आपल्याकडून कसूर नाही, मॅडम."

मावशीने आधी इलाइसाने पाडलेला स्वतःचा दात दाखवला. "मी सांगेन होय? मेला दुकानावर विचारत होता, लॉट सतरा कुठे म्हणून. वीस वर्षं राहतेय इथे, माझ्या जमिनीचा लॉट नंबर मलाच ठाऊक नव्हता."

वासितीला तिथे सोडणारा टॅक्सीवाला मुनसामी शपथेवर आला. विलायती फणसामागचं घर एवढंच आपल्याला ठाऊक, नंबर इथे कोण विचारतो, असं त्याचं म्हणणं.

वस्तीतले पाद्रीबुवा मात्र चाचरले. इलाइसाचे लोक रिवाजाप्रमाणे देवमाशाचा दात घेऊन माफी मागायला आले होते, संसार जुळावा म्हणून आपणही मध्ये पडलो, हे त्यांनी कबूल केलं. "पण फणसामागचं घर मी कुणाला दाखवलं नाही."

"हेच खोटं बोलतायत," बाहेर आल्यावर आपिसाई म्हणाला.

"नाही रे. तिघांपैकी कुणाच्याही तोंडून फुटलं असतं, तर इलाइसाने फणसामागचं घर विचारलं असतं. त्याने लॉट विचारला. लॉट फक्त कागदावर असतो. वासितीच्या अर्जात पत्ता कुणी भरला?"

"मीच. जमिनीच्या नकाशावरून."

"आणि अर्जातला पत्ता हुकुमावर उतरतो. तो हुकूम इलाइसाच्या हातात कुणी दिला?"

आपिसाई पायरीवर बसला. सेराइमाला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. नोकरीत असे कितीतरी हुकूम तिने न वाचता नवऱ्यांच्या हाती ठेवले होते.

"मॅडम," तो म्हणाला, "पत्ता बदलला म्हणून आज दुपारी तुमच्याकडे येण्याआधी हुकुमाची दुरुस्त प्रत दिली त्याला. तासभर झाला. तसा नियमच आहे."

सेराइमाने धावत गाडीकडे जाताजाता फोन लावला. वासितीने लगेच घेतला. तिचा आवाज कधी नव्हे तो हलका होता.

"दार वाजतंय, बाई. आपिसाईदादा औषधं घेऊन लवकरच आले वाटतं."

"दार उघडू नकोस. आपिसाई माझ्यासोबत आहे."

पलीकडे कडी आधीच निघाली होती.