उष्टी तोटी

सांगायची माझी मुळीच इच्छा नाय. पण गेल्या रविवारपासून नात पिच्छा सोडत नाय. चहा देताना तेच, जेवताना तेच. आबा, त्या फुग्याचं काय ते नीट सांगा. ती पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कामाला, सुट्टीवर आलीय. तिथं म्हणं एकाचं फुफ्फुस काढून दुसऱ्याला बसवतात, अन् मग त्याला अधूनमधून नळीत फुंकायला लावतात. नवं फुफ्फुस अंगाला मानवलं नाय, तर खोकला यायच्या आधी श्वासातच कळतं. मी म्हणालो, त्यात नवं काय, आमचाही श्वास फुग्यात धरत होते. ती हसली. मी तोंड उघडलं तिथंच चुकलं. आता ऐका, अन् मधे बोलू नका.

नामांतराचं पेटलं होतं ते दिवस. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, एवढीच मागणी, अन् त्यापायी खेड्यापाड्यांत आमच्या लोकांची घरं जाळत होते. मी चिकलठाण्याला लोखंड वितळवायच्या ओतशाळेत कामाला होतो. धूर खाऊन खाऊन उजव्या फुफ्फुसात पू झाला. छावणीच्या पलीकडं छातीच्या आजारांचा एक दवाखाना होता, आता पाडला, तिथं डॉक्टरनं सडका तुकडा कापून काढला. त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या सांडूचाही काढला. सांडू फर्दापूरकडचा, माझ्याच वयाचा, आडदांड गडी. त्याची बायको गोजरबाई खाटेशेजारी सतरंजी टाकून बसलेली असायची.

डॉक्टर लई हिकमती, पण त्याला जन्माचं पडसं. नाकाला काय कळत नव्हतं, म्हणून त्यानं अक्कल चालवली होती. आत टाके सडायला लागले की आधी श्वास बदलतो, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी वॉर्डबॉय बद्रीनाथ फुगा घेऊन यायचा. फुटबॉलच्या आत असतो तसला रबरी फुगा, त्याला पितळी तोटी. आपण फुंकायचं, मग तो तोटी काढून, गाठ मारून वर आपल्या नावाची पट्टी चिकटवायचा. डॉक्टर तो श्वास औषधाच्या पाण्यातून सोडायचा. पाणी पांढरं राहिलं तर बरं. काळं पडलं, तर आत सडतंय, पुन्हा उघडायचं. तोटी एकच होती. दर वेळी उकळून आणायची.

पहिल्या दिवशी मी फुंकलं. बद्रीनाथनं तोटी उकळून सांडूपुढं धरली, तर त्यानं तोंड फिरवलं. अन् सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलला, "त्याची उष्टी तोटी माझ्या तोंडात? मेलो तरी नाय."

मी तसाच उठून बसलो. छातीत कळ गेली. म्हणालो, "माफी माग."

तो भिंतीकडं तोंड करून पडला. गोजरबाईनं मात्र पदराआडून मला हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून बद्रीनाथ माझ्याकडून दोन फुगे फुंकून घ्यायला लागला. म्हणं डॉक्टरला दोन पाहिजेत. मला काय ठाऊक, मी फुंकत राहिलो. डॉक्टर येऊन सांडूला सांगायचा, श्वास एकदम साफ आहे, लवकर घरी जाशील. अन् इकडं सांडूच्या खाटेकडून वास यायला लागला. नासक्या अंड्यासारखा, अन् त्याच्याखाली काहीतरी गोड. मी डॉक्टरला सांगितलं. तो म्हणाला, पाणी खोटं बोलत नाय.

मग संचारबंदी लागली. भर दुपारी शहर गप. अश्रुधूर आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या, वीज गेलेली, पंखे थांबलेले. त्या उकाड्यात सांडू हवा ओढत ओढत गेला. शेवटाला डोळे माझ्याकडं होते. तोंड हलत होतं. शब्द निघाला नाय.

गोजरबाई रडली नाय. बद्रीनाथला एवढंच म्हणाली, "दादा, श्वास तर साफ होता ना त्यांचा?"

बद्रीनाथ म्हणाला, "तो श्वास मोतीरामचा होता, बाई. ते फुंकंनात... माझी नोकरी गेली असती."

मोतीराम म्हणजे मी.

संचारबंदीत प्रेत हलवता येईना. चादर ओढून शेजारच्या खाटेवरच ठेवलं. सकाळी बद्रीनाथ माझ्यासाठी फुगा घेऊन आला. मी तोटी हातात घेतली. रोज कोरडी अन् गार असायची. ही ओली होती. कोमट होती... कुणाच्या तोंडातून आत्ताच काढल्यासारखी.

"आधी कुणी फुंकलं?"

"कुणी नाय... तुझाच पहिला नंबर."

मी अजून ओठाला लावली नव्हती. तेवढ्यात फुगा हलला. त्याच्या सुरकुत्या सुटल्या. अन् थांबत थांबत, खरखरत, तो भरायला लागला. दम लागलेला माणूस फुंकतो तसा. वास आला. तोच. नासका, अन् खाली गोड.

गोजरबाईनं चादरीकडं पाहिलं. अगदी हळू म्हणाली, "आता कशाला..."

फुगा टम्म भरला. बद्रीनाथनं सवयीनं गाठ मारली, अन् सवयीनं माझ्या नावाची पट्टी चिकटवली.

पाणी काळं पडलं.

बद्रीनाथनं काय बघितलं ते सांगितलं नाय, अन् माझं कुणी ऐकलं नाय. मला पुन्हा टेबलावर घेऊन छाती उघडली. आत सगळं साफ. रक्त इतकं गेलं की घरच्यांनी आशा सोडली होती. शुद्धीवर आलो तर डॉक्टर पुढं उभा, हातात फुगा. मी तो हिसकून फाडला. त्यानंतर साधी शिट्टी तोंडाला लावली नाय. विद्यापीठाला नाव लागलं त्या दिवशी पोरांनी पिपाणी हातात दिली, तीही फुंकली नाय.

अन् गेल्या रविवारी नातीनं तिचं श्वास तपासायचं यंत्र काढलं. नव्या नळीचं पाकीट माझ्यासमोर फोडून नळी यंत्राला जोडली. आबा, फक्त एकदा. तिचं मन मोडवंना. नळी हातात घेतली.

ओली होती.

यंत्र वाजलं. नातीनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नळी मांडीवर धरून बसलो होतो.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही फुंकलंत कधी?"

आता म्हणते, उद्याच भरती व्हा, आत सडतंय. मी जाणार नाय. एकदा दुसऱ्याच्या श्वासापायी छाती फाडून घेतली, तेवढं बास. नळी उशाशी ठेवलीय. रोज सकाळी ओली असते. तोटी द्यायला माझी ना तेव्हाही नव्हती, आजही नाय. फुंकायचं तेवढं फुंक. पण आधी माफी माग, सांडू.