लिओंटीनची कुऱ्हाड

दिवेलागण होऊन गेली होती. नॉर्बेर काका धक्क्यावर पालथ्या टोपलीवर बसले होते. समोर त्यांची पुतणी डेल्फीन आणि तिचा नवरा रेमी कोळंबीचं जाळं शिवत होते. रेमी शहरातला. बायूच्या, म्हणजे इथल्या संथ दलदलीच्या खाडीच्या, काठचं त्याचं हे पहिलंच वर्ष.

"काका, इथे सगळे माळ्यावर कुऱ्हाड का ठेवतात हो?" त्यानं हसत विचारलं. "हिनं तर नव्या घरात सोफ्याच्या आधी कुऱ्हाड घेतली."

"सोफ्यानं छप्पर फुटत नाही, जावईबापू," काका म्हणाले. "पाणी चढलं की माणूस माळ्यावर जातो. मग पाणीही मागोमाग येतं. तेव्हा आतून छप्पर फोडायला हाताशी काहीतरी लागतं. ओव्हिडचं सांगितलं नाही का हिनं तुला?"

"काका, आत्ता नको. अंधार पडलाय," डेल्फीन म्हणाली.

"उजेडात ते खरं वाटत नाही," काका म्हणाले, आणि सांगू लागले.

गेल्या वर्षीची गोष्ट. एक नोव्हेंबर, गेलेल्यांच्या आठवणीचा सण, शनिवार, संध्याकाळचे पावणेसहा. सकाळभर गावानं आपापल्या माणसांच्या थडग्यांना चुना लावला होता आणि आता तिथे मेणबत्त्या लागत होत्या. चर्चच्या हॉलमध्ये नाटकाची गडबड होती. शाळेतल्या मार्सेल बाईंनी दोन वर्षं घरोघर फिरून वीस वर्षांपूर्वीच्या वादळातून वाचलेल्या माणसांचं बोलणं टिपून घेतलं होतं आणि त्यातून नाटक बांधलं होतं. ज्यानं भोगलं त्यानंच उभं राहून सांगायचं. शेवटची पाळी ओव्हिडची.

"ओव्हिड, ही लाकडी कुऱ्हाड खेळण्यातली दिसते," बाई म्हणाल्या. "घरची खरी घेऊन ये ना. पाच मिनिटांचं तर काम."

"आहे तीच चालेल की, बाई."

"अरे, पहिल्या रांगेत लिओंटीनचा क्लोव्हिस बसणार आहे. ह्यूस्टनहून आलाय, तुझ्या तोंडून आईचं ऐकायला. त्याच्यासमोर खेळणं धरणार का?"

ओव्हिड गेला.

लिओंटीन म्हणजे त्याची लहानखुरी शेजारीण. दोन घरांत चाळीस पावलांचं अंतर. त्या वादळाच्या रात्री ती आपल्या माळ्यावर बुडाली. ओव्हिडनं तेव्हापासून गावाला एकच सांगितलं होतं. मी माझं छप्पर फोडून बाहेर आलो, होडी घेऊन तिच्या छपरापाशी गेलो, हाका मारल्या. उत्तर आलं नाही. गावानं ते मानलं. दरवर्षी तिच्या थडग्याला चुनासुद्धा तोच लावायचा. बायका म्हणायच्या, शेजारी असावा तर असा.

घरी येऊन त्यानं माळ्याचा जिना खाली ओढला. कुऱ्हाड तिथेच होती. दांड्याच्या टोकाला निळा पट्टा. लिओंटीन आपल्या प्रत्येक हत्याराला असा निळा रंग लावायची, खुरप्यालासुद्धा. ही कुऱ्हाड तिचीच होती. त्या उन्हाळ्यात पेकनच्या झाडाची मोडकी फांदी तोडायला ओव्हिडनं ती मागून आणली होती. "उद्या देतो," म्हणाला होता. त्यानंतर ती दोनदा मागायला आली. "लिओंटीन, उद्या नक्की." मग वादळ आलं.

क्लोव्हिसनं निळा पट्टा पाहिला तर? ओव्हिडनं त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. चांगले चार वेढे. आणि हॉलवर आला.

सात वाजता पडदा उघडला. माणसं रडली, मधूनमधून हसलीही. फ्रिजमध्ये बसून तरंगलेल्या म्हाताऱ्या ऑनेझिमला तर टाळ्याच थांबेनात. आठ वाजून दहा मिनिटांनी ओव्हिड उभा राहिला. काका दिव्यांच्या बटणांपाशी होते. त्यांनी एकच दिवा ठेवला, ओव्हिडच्या डोक्यावर.

ओव्हिडनं छान सांगितलं. वारा सांगितला, पाणी सांगितलं. कुऱ्हाड उचलून छप्पर कसं फोडलं ते दाखवलं. पहिल्या रांगेत क्लोव्हिस तोंडावर रुमाल धरून बसला होता.

"मी होडी घेऊन तिच्याकडे गेलो," ओव्हिड म्हणाला. "हाक मारली. लिओंटीन! काही उत्तर आलं नाही."

इथे बाईंनी पूर्ण एक मिनिटाची शांतता ठेवली होती. गेलेल्यांसाठी.

हॉल शांत झाला.

टक.

टक. टक.

वरून आवाज येत होता. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. वर नुसता पत्रा. ना माळा, ना चढायला वाट.

ओव्हिड दोन पावलं डावीकडे सरकला. आवाजही सरकला, बरोबर त्याच्या डोक्यावर.

टक. टक. टक.

"काही उत्तर आलं नाही," तो पुन्हा म्हणाला. मोठ्यानं.

टक.

"नाही आलं…"

टक. टक.

त्याच्या हातातल्या कुऱ्हाडीतून पाणी गळायला लागलं. गढूळ पाणी. थेंब थेंब, फळ्यांवर. चिकटपट्टी सुटली… एक वेढा… दुसरा… चारही. खाली पडली.

क्लोव्हिस उठून उभा राहिला.

"ओव्हिड काका," तो हळूच म्हणाला, "ती आईची आहे."

वर आता मुठी आपटत होत्या. मग नखं. पत्र्यावर नखं ओढावीत तसं… लांब…

"दोन तास!" ओव्हिड ओरडला. "दोन तास ठोठावत होती ती! होडी माझ्या छपरालाच बांधलेली होती. मी भ्यालो रे… कुऱ्हाड माझ्या मांडीवर होती. मी छपरावर बसून ऐकत होतो. मग… मग थांबली."

वरचा आवाज थांबला.

क्लोव्हिस स्टेजवर चढला. ओव्हिडच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि रुमालानं पुसली. "मी हिला घेऊन जातो," एवढंच बोलला आणि निघून गेला.

ओव्हिडला घरी कोण सोडणार? बायकांनी पाठ फिरवली. शेवटी काकांनीच त्याला आपल्या गाडीत घातलं. निळ्या पट्ट्याचं, "उद्या देतो"चं, सगळं त्यानं गाडीतच सांगितलं. दाराशी उतरताना त्यानं काकांचा हात धरला.

"नॉर्बेर, तुझी कुऱ्हाड आहे ना? आजच्या रात्रीपुरती दे."

"कशाला? आभाळ कोरडं आहे. वारा नाही."

"दे ना."

"उद्या देतो," काका म्हणाले.

इथे काका थांबले. रेमीच्या हातातली सुई कधीचीच थांबली होती. धक्क्याखाली पाणी चुबूकचुबूक करत होतं.

"तुम्ही मुद्दाम म्हणालात?" त्यानं विचारलं.

काकांनी जाळ्याचं सुटलेलं टोक त्याच्याकडे सरकवलं.

"मग… पाणी आलं?"

"कुठलं पाणी? त्या रात्री अंगणातली धूळसुद्धा भिजली नाही. सकाळी तो दार उघडेना, म्हणून मी आणि शेरीफ आत गेलो. अंथरूण विस्कटलेलं. जिना वर ओढून घेतलेला. माळ्यावर होता तो. छपराला आतून बुक्क्या मारून मारून बोटं फुटलेली, नखं निघालेली. डॉक्टर म्हणाले, हृदय."

"आणि शेजारच्यांना काही ऐकू नाही आलं?"

"काही नाही. चाळीस पावलांवर झोपलेल्या माणसांना काही नाही." काका उठले. टोपली उचलून काखेत मारली. "आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन यायचं होतं. छप्पर दवानं पांढरं झालं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फक्त माळ्यावर तो पडला होता त्याच्या बरोबर वर एक जागा कोरडी. एक लहानखुरी बाई मांडी घालून बसली तर जेवढी जागा लागेल, तेवढी."

"वाऱ्यानं सुकली असेल," रेमी म्हणाला.

"असेल," काका म्हणाले. "त्याला वर्ष झालं. उद्या पहाटे माझ्याबरोबर चल, दाखवतो. त्या जागेवर अजून दव पडत नाही."