दाबा... धरा... सोडा!

"बाजूला व्हा हो! बाजूला!"

मागून मोटारीतून हाक आली आणि मार्तंडनं सायकलसकट कडब्याच्या गंजीत उडी घेतली. मोटार त्याला ओलांडून पुढं गेली आणि पेरूंच्या ढिगाला नाक लावून कशीबशी थांबली. राहात्याचा सगळा बाजार बघायला गोळा झाला.

आतून एक मुलगी घाईघाईनं उतरली.

"लागलं का तुम्हाला?"

"नाही." मार्तंड केसांतला कडबा काढत म्हणाला. "गाडीला ब्रेक नाहीत का?"

"आहेत की! पण... थांबायचं असेल तर त्यांना जरा आधी कळवावं लागतं."

तो हसला. आपण हसायचं नाही असं तिनं ठरवलं... आणि ती हसलीच.

ती डॉक्टर विष्णुपंतांची इंदू. डॉक्टरांची नजर अधू झाल्यापासून त्यांना रोग्यांकडं तीच नेत असे. पेरूंची वार्ता घरी पोचताच डॉक्टरांनी जाहीर केलं, "बस्स! गाडी विकायची आणि टांगा ठेवायचा."

इंदूला रडूच आलं. मोटारीचं चाक हातात आलं की तिला सगळा तालुका आपला वाटायचा. टांग्यात मात्र ती नुसती मागं बसणार होती.

दुसऱ्याच दिवशी मार्तंड दारात हजर! लढाईच्या काळात त्यानं नगरला लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. आता राहात्यात त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं होतं.

"डॉक्टर, तुमच्या ब्रेकच्या लोखंडी दांड्या पार झिजल्यात. लष्कराच्या मोडीतल्या गाड्यांचे तेलाचे ब्रेक नगरला मिळतात. ते बसवतो."

"तेलाचे?" डॉक्टर ओरडले. "अरे, तेलावरून माणूस घसरतो!"

"तेल बंद नळीत असतं. पेडल दाबलं की ते चारही चाकांवर सारखा जोर लावतं... तुमच्या इंजेक्शनच्या पिचकारीसारखं."

पिचकारी डॉक्टरांना पटली. "संक्रांतीपर्यंत बघतो. नाहीतर टांगा!"

नवे ब्रेक बसले, पण नळीत हवा राहिली, आणि हवा राहिली की पेडल लोण्यासारखं मऊ लागतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. मार्तंड गाडीखाली पाना घेऊन आडवा झाला आणि इंदू पेडलवर पाय ठेवून वर बसली.

"दाबा..."

"दाबलं."

"धरून ठेवा..." चाकामागचा छोटा स्क्रू त्यानं सैल केला. फस्स करून बुडबुडे निघाले. स्क्रू आवळून तो म्हणाला, "आता सोडा."

"किती वेळ चालायचं हे?"

"हवा संपेपर्यंत. कंटाळलात?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

खालून पाना घसरल्याचा आवाज आला. मग हळूच... "दाबा."

पण हवा काही संपेना! आज पेडल घट्ट व्हावं आणि उद्या पुन्हा मऊ. मार्तंड रोज येई, इंदू रोज पेडल दाबी आणि आई रोज चहा करी. संक्रांत तोंडावर आली.

एका दुपारी शेजारच्या साकुरी गावचा कारभारी बैलगाडी पळवत आला. "डाक्टरसाहेब, लौकर चला! मालनबाई बाळंतपणात अडलीय, लई तरास व्हतोय!"

डॉक्टर बॅग घेऊन मोटारीत चढले. "इंदू, चाक धर. हवा असो की वादळ, निघायचं!"

"बाबा, नको!" इंदू पांढरीफटक पडली. "डावीकडचा स्क्रू... मी सैल केलाय. रोजच करते."

डॉक्टर काही बोलणार, तोच पेडल बघायला आलेला मार्तंड पुढं झाला. "डॉक्टर... उजवीकडचा मी केलाय."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. इंदूच्या कानांच्या पाळ्या लालेलाल झाल्या.

"म्हणजे ही गाडी दुरुस्त व्हावी असं इथं फक्त मलाच वाटतंय!" डॉक्टर गरजले आणि तडक कारभाऱ्याच्या बैलगाडीत जाऊन बसले.

"मला कधीच कळलं होतं," आई दारातून म्हणाली. "त्यानं हिला एकदाही ताई म्हटलं नाही."

त्यानंतर मात्र तासाभरात हवा निघाली. पेडल दगडासारखं घट्ट झालं. गल्लीत पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं आणि ऊन कलताना दोघं डॉक्टरांना आणायला निघाले.

ओढ्याच्या उतारावर समोरून बैलगाडी येताना दिसली. इंदूनं पेडल दाबलं. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली.

"उघडा डोळे," ती म्हणाली. "थांबली."

"मिटले नव्हते... धूळ गेली होती."

"दोन्ही डोळ्यांत?"

तो हसला, मग हळूच म्हणाला, "गाडी नीट झाली. आता तुमच्याकडं यायला काही कारण उरलं नाही."

"कारण लागतंच का?"

"तुमच्या वडिलांना लागेल."

इंदू हातातल्या चाकावरची न दिसणारी धूळ बोटानं पुसत राहिली.

"मग... पुढच्या खेपेला तुमच्या आईंना घेऊन या. तेवढं कारण पुरेल."

बैलगाडी केव्हा शेजारी येऊन उभी राहिली, दोघांनाही कळलं नव्हतं.

"मालनबाईला मुलगी झाली! दोघी खुशाल आहेत," असं म्हणत डॉक्टर खाली उतरले. त्यांनी मोटारीला एक चक्कर मारली आणि मार्तंडच्या बाजूचं दार उघडलं.

"चल, तू मागं बस. पुढं मी बसतो."

मार्तंड गडबडून उतरला. "चुकलं का काही, डॉक्टर?"

"चुकलं नाही," डॉक्टर ऐसपैस बसत म्हणाले. "पण तुझी आई अजून यायची आहे ना?"