गैरहजराची चिठ्ठी

शनिवारी पाचच्या सुमाराला दवाखान्यातला शेवटचा पेशंट गालाला रुमाल लावून जिना उतरला, की दातांचे डॉक्टर दारावरची पाटी उलटी करत, वेटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीकडे सारत आणि टेबल ओढून मधोमध आणत. लवंगेच्या तेलाचा वास खोलीत कायमचा मुक्कामाला होता. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर येई, आणि त्या उन्हात सोळा वर्षं एकच खेळ चालला होता.

खेळ त्यांचा त्यांनीच बनवलेला. पट धाकट्याने काढला होता. बावीस बेटं, चार राज्यं, प्रत्येक खाडी आणि प्रत्येक खडक जागच्या जागी, कारण तो नकाशा कार्यालयात आरेखक होता आणि चुकीची रेघ त्याच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. वयाने बावन्नचा, केस पिकलेले, पण थोरला भाऊही याच टोळक्यात असल्यामुळे सगळ्यांनी त्याचा धाकटा करून टाकला होता. थोरला तो दादा. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. पटावरची लाकडी जहाजं त्यानेच रंगवलेली, आणि निळी स्वतःकडे ठेवलेली. चौथ्या बाई. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. हरल्या की आठवडाभर तोंड फुगवून बसणाऱ्या.

प्रत्येक फेरीला चौघांनी आपापली चाल चिठ्ठीवर लिहायची, घडी घालून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मग डॉक्टर डबा हलवून चिठ्ठ्या एकेक करून मोठ्याने वाचत. लिहिलेली चाल पटावर झालीच पाहिजे, मग लिहिणारा कितीही पस्तावो. आणि कोणी आलं नाही, तर त्याच्या डावीकडे बसणाऱ्याने त्याच्या नावाने कोरी चिठ्ठी टाकायची. गैरहजराची जहाजं तेवढी फेरी हलत नसत, पण त्याचं राज्यही कोणी बुडालं असं धरत नसे.

दादाच्या डावीकडे धाकटा बसे. सोळा वर्षांत दादाने धाकट्यावर एकदाही चाल केली नव्हती. धाकटा कुठे अडकला, की दोन फेऱ्यांत निळी जहाजं मदतीला हजर. डॉक्टर वैतागून म्हणत, "तुम्ही दोघं एकच राज्य घ्या हो. उगाच चार कशाला रंगवलीत?" दादा नुसता हसे.

मग दादा गेला. एका शनिवारी अंगात कणकण आहे म्हणून तो खेळायला आला नाही, आणि रात्री शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं तेव्हा आरामखुर्चीत होता, फोन मांडीवर.

महिन्याभराने तिघं पुन्हा जमले. डाव अर्ध्यावर पडला होता. डॉक्टर म्हणाले, नवा मांडू. बाईंनी मान हलवली.

"अर्धा टाकलेला डाव त्याला कधी चालायचा का? संपवू या. मग पट उचलून ठेवू."

धाकट्याने दादाच्या नावाने कोरी चिठ्ठी फाडली, घडी घातली, डब्यात टाकली.

डॉक्टरांनी तीन चिठ्ठ्या वाचल्या. चौथी उघडली आणि चष्मा वर केला.

"निळी दोन जहाजं, खडकबेटावरून पूर्वेला."

"ही कसली थट्टा?" धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"मी फक्त वाचतोय." डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे केली.

जाड पेन्सिल. आधी एक लांब सरळ शिरोरेघ ओढलेली, आणि मग अक्षरं एकेक करून तिला खाली टांगलेली. असं लिहिणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता. पाट्या रंगवून रंगवून त्याला ती सवयच जडली होती. वाण्याची यादीसुद्धा तो तशीच लिही.

बाई पुढे झुकल्या. चिठ्ठी त्यांनी हातात घेतली नाही. "नियम आहे," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःच्या बोटाने निळी जहाजं एक घर पूर्वेला सरकवली.

धाकटा भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. पुढच्या शनिवारी त्याने कार्यालयातला आलेख कागद आणला. चिठ्ठ्यांच्या मागे स्वतःची सही केली. डबा नळाखाली धुऊन पंच्याने पुसला, सगळ्यांच्या पेन्सिली गोळा करून खिशात ठेवल्या आणि लिहायला एकच शाईपेन फिरवलं. चिठ्ठ्या टाकल्यावर तिघांनी हात टेबलावर पालथे ठेवले. डॉक्टर म्हणाले, "शाळेत नखं तपासायचे तसं वाटतंय."

चौथी चिठ्ठी आलेख कागदाचीच होती. मागे धाकट्याची सही. पुढे जाड पेन्सिलीची शिरोरेघ, खाली टांगलेली अक्षरं. निळी दोन जहाजं, आणखी एक घर पूर्वेला.

पटावर पूर्वेला एकच राजधानी होती, आणि ती धाकट्याची होती.

तिसऱ्या शनिवारी तेच. चौथ्या शनिवारी तेच. शाईपेन वापरा, बॉलपेन वापरा, तिथे पेन्सिलच उमटे. दुसरा कोणी असता तर कानाला खडा लावून घरी बसला असता. धाकटा मात्र पाचच्या आधीच जिन्यात येऊन उभा राही. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: दादाला कळलं होतं का?

कारण त्या शनिवारी, सहा वाजून दहा मिनिटांनी, धाकट्याचा फोन टेबलावर थरथरला होता. पडद्यावर 'दादा' अशी अक्षरं आली होती. धाकटा डॉक्टरांचं बंदर घ्यायच्या बेतात होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा जिंकायची संधी आली होती. त्याने फोन पालथा घातला. तो पुन्हा थरथरला. त्याने तो मांडीवर घेऊन बंद केला. फेरी संपल्यावर करू, असं मनाशी म्हणाला, आणि बंदर हाती लागल्याच्या आनंदात साफ विसरला. नंतर इस्पितळातल्या माणसाने सांगितलं, अर्धा तास आधी आणला असता तर. अंत्यसंस्काराच्या वेळी धाकट्याने सगळ्यांना सांगितलं की फोन घरीच राहिला होता. डॉक्टर आणि बाई शेजारीच उभे होते.

पाचव्या शनिवारी निळी जहाजं राजधानीपासून एका घरावर आली होती. चिठ्ठ्या पडल्या. डॉक्टरांनी डब्याला हात घातला तशी धाकट्याने झाकणावर तळवा दाबला.

"थांबा. आधी मला बोलू द्या."

आणि त्याने सगळं सांगून टाकलं. सांगताना पटावरच्या रेघांकडे बघत राहिला. स्वतःच काढलेल्या त्या रेघा त्याला वाकड्या दिसायला लागल्या. त्याला वाटलं होतं की आता बाई उठून जातील, डॉक्टर दार दाखवतील. खरं म्हणजे त्याला तेच हवं होतं.

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजारीच होते की मी. नाव वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही फोन घेतला असता तर फेरी मोडली असती. माझी चाल चांगली पडली होती."

धाकट्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खिडकीकडे बघत होते.

"मला तर त्याने दुपारीच फोन केला होता," ते हळूच म्हणाले. "छातीत जड वाटतंय म्हणाला. मी म्हटलं, पित्त असेल. मी दातांचा डॉक्टर. पण तेवढं कळतं हो मला. शनिवार होता. खेळ रद्द करायचं जिवावर आलं."

सोळा वर्षांचे मित्र. तिघांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तिघांनीही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं होतं. धाकट्याला स्वतःची किळस आली, मग त्या दोघांची आली, आणि कोणाची जास्त ते त्याला ठरवता येईना.

"वाचा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी डबा उघडला. दादाची चिठ्ठी वरच होती. त्यांनी ती वाचली, पण मोठ्याने नाही. टेबलावर ठेवून ती मधोमध सरकवली.

शिरोरेघ नेहमीसारखीच सरळ होती.

'तुमचा डाव होऊ दे. मी थांबतो.'

खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं होतं.

"डाव झाल्यावर?" बाईंनी विचारलं.

डाव संपायला आला होता. डॉक्टरांना एका चालीत जिंकता येत होतं, आणि ते तिघांनाही दिसत होतं. पुढच्या फेरीसाठी डॉक्टरांनी पेन उचललं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि एकच शब्द लिहिला. डबा उघडल्यावर तो वाचला गेला: जागेवर. बाईंचीही चिठ्ठी तीच होती. धाकट्याचीही तीच.

निळी जहाजंही हलली नाहीत.

याला आता आठ महिने झाले. पट उचलण्याचं नाव कोणी काढत नाही. दर शनिवारी पाचला पाटी उलटी होते, खुर्च्या भिंतीकडे सरतात. एखाद्याला ताप आला तरी तो शाल पांघरून येतो. तिघं एकमेकांच्या डोळ्याला डोळा न देता बसतात, 'जागेवर' लिहितात, घडी घालतात. धाकटा चौथी कोरी चिठ्ठी टाकतो.

डॉक्टर ती शेवटी उघडतात. दर वेळी तीच सरळ रेघ, आणि तिच्याखाली समजुतीने टांगलेले तेच दोन शब्द:

'घाई नाही.'