चटणी शेवटी

फोन आला तेव्हा फौजदार सुमेधा राऊत डबा उघडत होत्या. पारनाक्याजवळच्या सालोमी तुस्कानोच्या हॉटेलात बंगाली आचाऱ्याने जेवणात विष कालवलं, लोक त्याला फोडून काढतील, लवकर या. डबा तसाच बंद झाला. रविवारी दुपारी विष घालणाऱ्यांची सुमेधाबाईंना विशेष चीड होती.

हॉटेलच्या दारावर ‘अस्सल बंगाली जेवण’ असा कापडी फलक होता आणि आत माणसं गळे धरून बसली होती. ओठ सुजलेले, डोळ्यांना धारा. डॉक्टर म्हणाले, कोणाच्या जिवाला धोका नाही, पण घसे सोलवटून निघालेत. संतापलेल्या माणसाला असलं काही ऐकायचं नसतं. ओरडता येत नसल्यामुळे लोक फिस्कारत होते, त्या उपऱ्याला बाहेर काढा म्हणत होते.

तो उपरा, निताई, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसला होता. सदरा फाटलेला, ओठातून रक्त. आपण निर्दोष आहोत हे दाखवायला त्याने सगळ्यांसमोर त्याच भाजीचा वाडगा संपवला होता. आता घसा इतका सुजला होता की त्याच्या तोंडून शब्द फुटेना. न बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो, अशी बाहेर सगळ्यांची खात्री झाली होती.

“घेऊन जा त्याला, मॅडम,” फर्डिनंड गरजला. हा सालोमीचा धाकटा दीर. “मीसुद्धा दोनदा वाढून घेतलं, सगळ्यांनी पाहिलंय. वहिनी, पॉल गेला तेव्हाच सांगितलं होतं, हा धंदा तुला झेपायचा नाही. आता टाळं लागेल. सही करून मोकळी हो.”

सालोमीने घोगऱ्या आवाजात सांगितलं की ही जागा पॉलची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, आणि दिराची मिळून आहे. फर्डिनंडला ती बिल्डरला द्यायचीय आणि ती देत नाही. हॉटेल हेच तिचं घर आणि हेच पोट होतं. बंगाली जेवणाचा घाट तिने ते वाचवायलाच घातला होता. “हे बंद पडलं तर मी उभी कुठे राहू?” तिने विचारलं.

घसे बिघडवणारा पदार्थ एकच होता, कोचूर शाक. म्हणजे आपलं अळूचं फदफदं, कोळंबी घातलेलं. निताईने ते पहाटेच शिजवलं होतं आणि सालोमीने चाखलंही होतं. तेव्हा ते उत्तम होतं. मग ती चर्चमध्ये मिस्साला गेली, निताई मासळी आणायला स्टेशनवर गेला. मागे राहिले फर्डिनंड आणि भांडी घासणारी यमुना.

सुमेधाबाई मागच्या पडवीत गेल्या. पाटा धुतलेला होता, तरी खाचांत हिरवा चोथा अडकला होता. त्यांनी वरवंटा उचलला. त्याची दोन्ही टोकं बुळबुळीत होती. त्यांनी वास घेतला. खोबरेल.

“निताई हाताला तेल लावून वाटतो?”

“लावला तर राईचा लावतो,” यमुना कशीबशी म्हणाली. तिनेही टोपातली भाजी चाटली होती. “खोबऱ्याच्या तेलाचा त्याला वासपन चालत नाय. डोक्यालाबी राईचाच.”

“सकाळी तू कुठे होतीस?”

“पुढं, टेबलं पुसत. फर्डिनंडबाबाच बोलले, मागं येऊ नको.”

“जेवताना कोणी काही वेगळं मागितलं?”

यमुना चाचरली. “बाबांनी. भाजीच्या आधी चिंचेची चटनी. वाटीभर. पुन्ना भाजीबरोबर वाटीभर. बाकीचे माईकवर सांगितलेल्या क्रमानं जेवले.”

सुमेधाबाई बाहेर आल्या. निताईला त्यांनी हाताला धरून सोबत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. लोक पुन्हा फिस्कारले.

“गप्प बसा,” त्या म्हणाल्या. “याने घातलेलं नाही. शिजलेल्या भाजीत कोणीतरी कच्चं रानअळू वाटून मिसळलंय. बांधावर उगवतं, गुरंही तोंड लावत नाहीत. ते वाटताना हाताला आग होते, म्हणून वाटणाऱ्याने आधी हाताला खोबरेल चोपडलं. म्हणजे आपण काय वाटतोय ते त्याला पक्कं माहीत होतं. निताई खोबरेलाला शिवत नाही. सालोमीबाई चर्चमध्ये होत्या. यमुनाने भाजी चाटली आणि भोगतेय. तिला माहीत असतं तर चाटली असती?”

त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

“इथे भाजी खाल्लेल्या प्रत्येकाचा आवाज बसलाय. एक सोडून. फर्डिनंड, माईकवर जेवणाचा क्रम कोणी समजावला?”

“मीच,” फर्डिनंड म्हणाला. “त्यांची रीतच आहे. आधी कडू, मग वरण, भाजी, मासळी. चटणी शेवटी.”

“बरोबर. आपण वसईकर चटणी पानात पहिली वाढतो. लोकांनी ती भाजीबरोबर खाल्ली असती, तर चिंचेने खाज बरीच मारली असती. म्हणून तुम्ही बजावलंत, चटणी कोणी आधी मागू नका. आणि स्वतः भाजीच्या आधी वाटीभर संपवलीत. यमुनाने वाढलीय.”

“मला चिंच आवडते. हा काय पुरावा झाला?”

“नाही झाला,” सुमेधाबाई म्हणाल्या. “यमुना, भाजी आण.”

वाडगा त्याच्यासमोर आला. “आमच्यासमोर खा. दोनदा खाल्लीत, तिसऱ्यांदा काय होतंय?”

फर्डिनंडने वाडग्याकडे पाहिलं, मग त्या सुजलेल्या तोंडांकडे. सगळी त्याच्याचकडे बघत होती. त्याने घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग, कदाचित त्याच्याही नकळत, त्याचा डावा हात टेबलावरच्या चटणीच्या वाटीकडे गेला.

सालोमीने ती वाटी उचलली आणि निताईसमोर नेऊन ठेवली.

“तुला शेवटी,” ती दिराला म्हणाली.